पहिल्या आजीचा दुसरा दिवस

सभागृहाच्या दारापासून पार बसथांब्यापर्यंत रांग गेली होती, आणि रांगेत एकटं असं कुणीच नव्हतं. लेक बापाचा हात धरून, सून सासूचा दंड धरून, म्हातारा नवरा त्याहून म्हाताऱ्या बायकोला आधार देत. आत मंचावर खुर्चीत एक आजी बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. थेंबबाबांनी तिची हनुवटी अलगद वर केली, काचेच्या नळीतून डोळ्यांत थेंब सोडले, डोळे मिटायला सांगितले आणि प्रवचनाला सुरुवात केली.

"डोळा आंधळा होत नाही, माउली. डोळा रुसतो. डॉक्टर त्याला सुरी दाखवतात. सुरी दाखवून कुणाचा रुसवा गेलाय का? मी त्याची समजूत घालतो."

ही समजूत चांगली अर्धा तास चालली. लोक हसले, रडले, टाळ्या वाजवून दमले. मग बाबांनी आजीला डोळे उघडायला लावले. ती थोडी बावरली. पापण्या फडफडल्या, आणि तिचा हात हळूहळू वर उठला.

"मागे उभा आहे तो आमचा धाकटा," ती म्हणाली. "निळा सदरा घातलाय."

सगळं सभागृह उठून उभं राहिलं. बाबांनी लगेच आजीच्या नाकावर काळा चष्मा चढवला. नवी दृष्टी आहे, उजेडाची दृष्ट लागेल, असं त्यांनी सांगितलं. लोकांना हा शब्दांचा खेळ इतका आवडला की काळा चष्मा कशाला, हे कुणी विचारलंच नाही.

हे सगळं एक उपसंपादिका आपल्या वर्तमानपत्राच्या कचेरीत, भिंतीवरच्या चार टीव्हींवर पाहत होती. कचेरीत तिला 'कात्री' म्हणत. बातमीदारांनी पाल्हाळ लावायचं आणि हिने ते छाटायचं, हेच तिचं काम. जीभही त्याच धारेची. चार वाहिन्यांवर एकच आजी दिसत होती आणि बाकीची मंडळी हातातला चहा विसरून पाहत होती. तेवढ्यात मंचाच्या कोपऱ्यातला एक गृहस्थ रुमालात शिंकला. तो चारही पडद्यांवर शिंकला; त्याच बाजूने, तितकाच अर्धवट.

संपादकांनी पहिल्या पानावर जागा ठेवायला सांगितली. कात्रीने विचारलं, आपला माणूस तिथे होता का? नव्हता. आजीशी कुणी बोललं का? नव्हतं.

"चार वाहिन्या दाखवतायत," संपादक म्हणाले. "चारही खोटं बोलतील का?"

"चार कुठे आहेत? कॅमेरा एकच आहे, साहेब. तोही बाबांचाच. त्यांनी चित्रफीत वाटली आणि सगळ्यांनी लावली."

संपादकांना हे कळत नव्हतं असं नाही. पण त्यांना आणखीही एक गोष्ट कळत होती, ती अख्ख्या कचेरीला ठाऊक होती: ते सभागृह पेपरच्या मालकांच्या मेहुण्याचं होतं, आणि बाबांनी ते अख्ख्या मोसमासाठी घेतलं होतं. तिसऱ्या पानावर त्यांची रोजची जाहिरात ठरली होती. कात्रीने सुचवलं की निदान उद्या आजीच्या घरी कुणाला तरी पाठवू, दृष्टी टिकली का ते पाहू. संपादक म्हणाले, बातमी आजची आहे, उद्या दुसरी असेल. आणि मग, जरा समजुतीने, "मथळ्यात एक प्रश्नचिन्ह टाक. प्रश्नचिन्हाला कुणी कोर्टात खेचत नाही."

तिने टाकलं. 'दोन थेंबांनी परतली दृष्टी?' आपण निदान तेवढं तरी वाचवलं, असं समाधान मानून ती घरी गेली.

तिची आई शहराच्या दुसऱ्या टोकाला दादा-वहिनींकडे राहायची. आईलाही मोतीबिंदू होता. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती, पण डोळ्याला सुरी लागणार म्हणून घाबरून आई ती पुढे ढकलत होती. त्या आठवड्यात दादाने तिला पेपर वाचून दाखवला. आता प्रश्नचिन्ह डोळ्यांना दिसतं, पण मोठ्याने वाचताना ते कुणाच्या तोंडून ऐकू येत नाही. आईला ऐकू आलं ते एवढंच, की दृष्टी परतली, आणि लेकीच्या पेपरात आलंय.

दादा तिला रांगेत घेऊन गेला. बाबांनी आधी उजव्या डोळ्यात थेंब टाकले. डाव्याची पाळी पुढच्या वेळी. आईला समोरच्या भिंतीवरचा पंखा दिसला, पंख्याची पाती दिसली. दादा तिथेच रडला. घरी येताना त्याने पेढे न्यावेत तशी ही खबर साऱ्या इमारतीत वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कात्रीला त्याचा फोन आला. आईचं डोकं फुटतंय म्हणते, उलट्या होतायत, डोळा लालभडक झालाय. कालपासूनच दुखत होतं. बाबांच्या माणसांना विचारलं, तर ते म्हणाले की जुना मळ बाहेर पडतोय, त्रास होणारच, औषधं घेऊन मध्येच खोडा घालू नका. दादाने खोडा घातला नव्हता. सगळी रात्र तो आईच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसला होता.

कात्री पोचली तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. आवाजावरून तिने लेकीला ओळखलं.

"तू तिथे आहेस ना गं," आई म्हणाली. "तू असताना खोटं कसं छापतील?"

तिने आईला उचलून रिक्षात घातलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई बोलायला रोखठोक होत्या. त्यांनी आधी डोळ्यातला दाब उतरवण्याचे उपचार सुरू केले, आणि मगच बाहेर येऊन भावंडांना समोर बसवलं.

"बाहुली मोठी करणारं औषध घातलंय तिच्या डोळ्यात. मीही तेच घालते, रोज, तपासणीसाठी. पण आधी बघते कुणाला चालेल. काहींच्या डोळ्यांतून पाणी वाहून जायची वाट मुळातच अरुंद असते. बाहुली पसरली की ती वाट बंद होते, दाब चढतो आणि आतली नस मरायला लागते. काल दुखायला लागल्याबरोबर आणलं असतंत तर..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. दादाने ते मनातल्या मनात पुरं केलं, आणि त्यानंतर किती तरी दिवस करत राहिला. उजवा डोळा गेला होता.

पण मग आईला पंखा दिसला कसा, हा प्रश्न दादाला सोडत नव्हता. त्याने तो डॉक्टरीणबाईंना जवळजवळ भांडल्यासारखाच विचारला. त्यांनी समजावलं. काहींचा मोतीबिंदू डोळ्याच्या भिंगात मधोमध दाट असतो. बाहुली लहान असली की माणूस नेमका त्या डागातूनच बघतो. बाहुली पसरली की डागाच्या कडेकडेने उजेड आत जातो आणि लांबचं दिसायला लागतं. दारात आडवं कपाट असावं आणि कुणी दाराची दुसरी झडपही उघडावी, तसं. कपाट जागचं हललेलं नसतं. काही तासांनी औषध उतरतं, झडप मिटते. बाहुली पसरायला थोडा वेळ लागतो, म्हणून प्रवचन. पसरलेल्या बाहुलीला उजेड सोसत नाही, आणि ती कुणाला दिसताही कामा नये, म्हणून काळा चष्मा. जवळचं मात्र धूसरच राहतं. थेंबबाबांनी कुणाच्या हातात आजवर वाचायला काही दिलंय का?

दिलं नव्हतं. दिसायचं ते नेहमी लांबचं असायचं: मागे उभा असलेला धाकटा मुलगा, भिंतीवरचा पंखा.

कात्रीने मग ते केलं जे चारही वाहिन्यांनी आणि तिच्या पेपरने केलं नव्हतं. ती पहिल्या आजीच्या घरी गेली. पत्ता मिळायला काहीच कष्ट पडले नाहीत. कुणी विचारला नव्हता, एवढंच. आजी स्वयंपाकघरात बसून पाण्याचा पेला हाताने चाचपत होती. सुनेने सांगितलं की दृष्टी त्याच संध्याकाळी गेली. बाबांकडे परत गेलो तर म्हणाले, घरात कुणाच्या तरी मनात किंतू आहे. सगळ्यांनी सुनेकडेच बघितलं. तेव्हापासून नवरा तिच्याशी धड बोलत नाही. आणि दर आठवड्याला पुन्हा थेंब, पुन्हा एका दुपारपुरतं दिसणं.

"मग हे कुणाला सांगितलं का नाही?" कात्रीने विचारलं.

"सांगायला कोण आलं?" सून म्हणाली. "दिसलं त्या दिवशी दारात गर्दी मावत नव्हती. गेलं त्या दिवशी कुत्रंही फिरकलं नाही."

कात्रीकडून आजीचं कळल्यावर डॉक्टरीणबाईंनी ठरवलं की हे लोकांना दाखवायचं. त्यांनी आजीला आणि सुनेला सगळं समजावलं, आजीचे डोळे नीट तपासले, धोका नाही याची खात्री केली. मग शाळेच्या मैदानात मांडव घालून लोकांना बोलावलं. 'डॉक्टरही करणार चमत्कार' अशी हूल उठली आणि कॅमेरे धावत आले. या वेळी चारही वाहिन्यांचे, आपापले.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर दवाखान्यातली साधी बाटली उघडली, औषधाचं नाव वाचून दाखवलं आणि आजीच्या डोळ्यांत थेंब टाकले. प्रवचन दिलं नाही. खुर्ची ओढून नुसत्या बसून राहिल्या. लोक चुळबुळले. थोड्या वेळाने आजीने मैदानापलीकडचं शाळेचं घड्याळ ओळखलं, काटे सुद्धा सांगितले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग त्यांनी आजीच्या हातात वर्तमानपत्र दिलं. आजीला एक अक्षर लागलं नाही.

"हा चमत्कार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे औषध आहे, आणि ते संध्याकाळी उतरेल. तुम्ही थांबा. थेंबबाबा तुम्हाला लवकर घरी पाठवतात. मी पाठवणार नाही."

कॅमेरेवाल्यांनी घड्याळ पाहिलं, आणि टाळ्यांचं चित्र हाती होतंच. त्यांनी सामान आवरलं. कात्री एकेकाच्या मागे गेली, थांबा म्हणाली, खरी बातमी संध्याकाळी आहे म्हणाली. एका वाहिनीच्या बातमीदार मुलीला वाईट वाटलं, पण तिला दुसरीकडे पोचायचं होतं. संध्याकाळ झाली, तेव्हा मैदानात ओंजळभर माणसं उरली होती. त्यांच्यासमोर घड्याळाचे काटे आजीला आधी पुसट झाले, मग घड्याळ गेलं, मग भिंत. सुनेने आजीचा हात धरला, आणि त्या माणसांतून सुनेचा नवरा पुढे आला व त्याने आजीचा दुसरा हात धरला.

त्या रात्री वाहिन्यांवर पट्टी फिरत होती: 'थेंबांची किमया डॉक्टरांनाही मान्य!' दुसऱ्या दिवशी सभागृहापुढची रांग बसथांबा ओलांडून पुढे गेली.

कात्रीने सगळं लिहून संपादकांपुढे ठेवलं: आजी, आई, एकच कॅमेरा, मेहुण्याचं सभागृह. त्यांनी ते दोनदा वाचलं. लिहिलंय उत्तम, म्हणाले. आतल्या पानावर चार ओळी आल्या, 'थेंबांबाबत मतमतांतरे' या मथळ्याखाली. सांधेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीच्या वर. म्हणजे आईचा गेलेला डोळा हे एक मत होतं, आणि बाबा हे दुसरं. दोन्ही बाजूंना न्याय मिळाला होता. कात्रीने त्याच दिवशी राजीनामा दिला. कुणी तिला अडवलं नाही.

डॉक्टरीणबाई आणि दादा यांनी केलेल्या तक्रारीवरून आरोग्य खात्याची माणसं सभागृहात गेली, तेव्हा मंचामागे लेबलं खरवडलेल्या बाटल्या सापडल्या. औषध तेच निघालं. बाबा तोवर दुसऱ्या शहरात पोचले होते. तिथेही त्यांना एक पहिली आजी मिळाली. इथल्या पहिल्या आजीची शस्त्रक्रिया झाली आणि ती आता सुनेच्या हाताखाली तांदूळ निवडते. आईचा डावा डोळाही शस्त्रक्रियेने वाचला. सुरीला ती मुळीच घाबरली नाही. आता घाबरण्यासारखं फार काही उरलं नव्हतं.

एका दुपारी शेजारीण कुठल्याशा अंगठीची बातमी घेऊन आली. ती घातली की रक्तदाब उतरतो. सगळीकडे आलंय, ती म्हणाली. आईने एका डोळ्याने तिच्याकडे पाहिलं.

"सगळीकडे आलंय म्हणजे किती जणांनी बघितलंय?" आईने विचारलं. "आणि अंगठी विकतो कोण, ते छापलंय का?"

शेजारणीला राग आला. उठून गेली.

वाचकहो, तुम्हालाही येईल राग, आणि तुम्हाला रागावणाराही कुणी भेटेल. तरी विचारा. बातमी सांगणारा स्वतः तिथे होता का, की दुसऱ्याने दिलेलं पुढे ढकलतोय? तो मीठ कुणाचं खातो? दहा तोंडांनी एकच गोष्ट सांगितली म्हणून दहा साक्षीदार होत नाहीत. आधी ती दहा तोंडं कुणाच्या एका तोंडातलं बोलतायत ते बघा. जे आपल्याला हवंहवंसं वाटतं, त्या बातमीला तर दुप्पट विचारा, कारण तिथेच आपण स्वतःहून डोळे मिटतो. डोळ्यांत थेंब टाकणारा एक असतो. ते टाकून घ्यायला मान मागे करणारे आपण सगळे असतो. मान सरळ ठेवा.