प्रमिला बोलतेय, वाशिंदवरून

वाशिंदच्या पेठेत कुंडलिक धानकेचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ब्याण्णव साली त्याने दुकानातून वायर ओढून चार खांबांवर भोंगे बसवले आणि रोज सकाळी अर्धा तास बोलायला लागला. कुणाची म्हैस हरवलीय, डॉक्टर कधी बसणार, मध्येच दोन गाणी. लोक थट्टेने 'वाशिंद केंद्र' म्हणायचे. त्याने तीच पाटी रंगवून दारावर लावली.

चार वर्षांनी गोंगाटाची तक्रार झाली आणि भोंगे उतरवावे लागले. कुंडलिक आठवड्याभरात कॅसेट भरायला लागला. दर सोमवारी नवी कॅसेट चहाच्या टपऱ्यांवर, न्हाव्याकडे आणि ट्रकवाल्यांच्या हाती भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जायची. गावाबाहेरच्या आदिवासी वाडीवरची निम्मी घरं दिवाळीनंतर विटा पाडायला तिकडेच असायची.

वाडीवरच्या प्रमिलाचा बाप जाणूही तिथेच होता. तिच्या लहानी नावाच्या बहिणीला मुलगी झाली, तेव्हा दहावी झालेली प्रमिला निरोप लिहून घेऊन दुकानात आली. कुंडलिकने कागद वाचला आणि परत तिच्या हातात दिला.

"तूच बोल गो. तुझ्या बापाला माझा आवाज कशाला?"

"मना नाय जमायचं, दादा."

"घरात बोलतेस ना? तसंच बोल."

प्रमिला बोलली. "आबा, लहानीला पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत. तुमी काळजी नका करू."

दहा दिवसांनी कॅसेट परत आली. भट्टीवर कुणाच्या तरी टेपवर जाणूने दुसरी बाजू भरली होती. आधी नुसती खरखर, मग खोकला, मग जाणूचा आवाज. "नाव काय ठेवलं?" एवढंच. प्रमिलाने ते तीनदा ऐकलं. कुंडलिकने टेपवरून हात काढला नाही, तिने सांगितलं की मागे फिरवून पुन्हा लावायचा.

त्यानंतर अर्धी कॅसेट प्रमिलाची झाली. भट्ट्यांवरून उत्तरं येत राहिली आणि कुंडलिक एकही पुसायचा नाही, तारीख घालून ठेवायचा.

दोन हजार एक साली गावातल्या केबलवाल्याने त्यांना सकाळची वेळ दिली. पडद्यावर माहुली किल्ल्याचं चित्र आणि मागून आवाज. त्याच वर्षी कुंडलिकच्या घशाचं ऑपरेशन झालं. नंतर त्याला फक्त कुजबुजता यायचं, म्हणून सगळं प्रमिलावर आलं. महिन्याभरात नव्या सोसायट्यांतून कुरकूर सुरू झाली. केबलवाला दुकानात येऊन म्हणाला, "वाडीवरची भाषा टीव्हीवर बरी नाय दिसत. दुसरी कुणी मुलगी बघा."

कुंडलिकने जवळ ठेवलेल्या लिहायच्या पाटीवर खडूने लिहिलं, 'मग चित्रही उतरव.' आणि कार्यक्रम बंद झाला. घरी जाताना प्रमिला म्हणाली, "माझ्यापायी गेलं, दादा." त्याने नकारार्थी मान हलवली आणि सोमवारची कॅसेट तिच्यापुढे ठेवली.

अशी आणखी सात वर्षं गेली. मग एका संस्थेला तालुक्यात एफएम केंद्र काढायची परवानगी मिळाली. निवेदकांसाठी शुद्ध बोलण्याची परीक्षा होती. प्रमिला जायला तयार नव्हती. कुंडलिकच दोन गोण्या कॅसेट रिक्षात घालून तिला घेऊन गेला. संस्थेच्या अनिताबाईंनी एक कॅसेट लावली, मग दुसरी. दुपारभर त्या भट्ट्यांवरची उत्तरं ऐकत बसल्या. उठताना म्हणाल्या, "परीक्षा राहू दे. केंद्र प्रमिलाताई चालवतील. यंत्रं मात्र कुंडलिकदादांनी बसवायची."

पहिल्या दिवशी प्रमिला बोलायला बसली तेव्हा कुंडलिक जागेवर नव्हता. ती अख्खा वेळ दाराकडे बघत बोलली. तो संध्याकाळी आला, खिशात छोटा रेडिओ, पायांवर धूळ.

"कुठे व्हता तुमी?"

"आवाज कुठवर जातो ते बघत व्हतो," तो कुजबुजला. "पार शेणवे गावापर्यंत येतो. तिथल्या टपरीवर गाणी संपली, तू बोलायला लागलीस, तरी कुणी रेडिओ बंद नाय केला."

प्रमिलाने त्याला पाणी दिलं. "एवढं चालत गेलात?"

"जाताना चालत. येताना एसटीने."