जाळीच्या दाराची कडी

घरातल्या वस्तू एकेक करून वर चालल्या आहेत, हे मास्टरांच्या लक्षात आलं ते इस्त्रीपासून. पन्नास वर्षं शिंपीकाम केलेला माणूस तो. सवयीने फळीवर हात घातला तर इस्त्री तिथे नव्हती. कपाटाच्या डोक्यावर जाऊन बसली होती. त्याआधी लायटर गेला होता, मग औषधांचा डबा, मग मोठी कात्री. आणि मास्टरांचा उजवा हात तर खांद्याच्या वर जातच नव्हता. जन्मभर मशीनवर वाकून बसल्याची ती कमाई. डावा त्यापेक्षा बरा, पण त्यालाही मनवावं लागे. हे पक्कं ठाऊक होतं फक्त सूनबाईला, कारण रोज शर्टाची बाही चढवून द्यायला तीच यायची.

म्हणून मुलाने जेवताना सांगितलं, "बाबा, स्विमिंग पुलाला जाळी बसवून घेतोय. चारी बाजूंनी आणि वरूनही," तेव्हा मास्टरांचा घास हातातच राहिला.

"कशासाठी?"

"पानं पडतात, डास होतात. आणि भिंगरी एका जागी ठरते का?"

भिंगरी म्हणजे तीन वर्षांची नात. ती त्या वेळी टेबलाखाली होती. मास्टरांनी सूनबाईकडे पाहिलं. सूनबाई आपल्या ताटात पाहत होती, जणू तिथे काही लिहिलेलं होतं.

घरामागचा तो हौद. मास्टर त्याला हौदच म्हणत. दिवस उजाडताना छातीभर पाण्यात उतरायचं आणि काठ धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस फेऱ्या चालायच्या. पाण्यात गुडघे दुखत नसत, आणि मुख्य म्हणजे तिथे "बाबा, जपून" असं म्हणणारं कुणी नसे. दिवसातला तेवढा एक तास त्यांचा स्वतःचा होता. आता त्याला दार लागणार, आणि दार म्हटलं की कडी आली.

कामाला दोघं आले, मुकादम आणि फिटर. मुकादम बोलका होता. "पहिले दोन दिवस नुसता आवाज, मास्टर. काठाच्या काँक्रीटला भोकं पाडायची, बोल्ट ठोकायचे, ॲल्युमिनियमचे खांब उभे करायचे. त्यानंतर आठवडाभर आम्ही दिसायचो नाही."

"का बरं?"

"सरकारी तपासणी असते. सांगाडा पास झाल्याशिवाय जाळी लावता येत नाही."

मास्टरांनी मान डोलावली, पण विश्वास काडीचा ठेवला नाही. 'काज-बटणाला दिलंय, परवा या' असं गिऱ्हाइकांना त्यांनी स्वतः हजार वेळा सांगितलं होतं. थाप कशी शिवतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ते आठवडाभर खांब हलवून पाहत राहिले. पण आठव्या दिवशी खरंच एक तपासनीस बाई आल्या, प्रत्येक बोल्ट बघून गेल्या, आणि मास्टरांना जरा ओशाळल्यासारखं झालं. फार नाही, जरासंच.

जाळी लागली तो दिवस मात्र त्यांनी खुर्ची टाकून पाहिला. फिटर जाळी खांबांवर पसरायचा आणि एका छोट्या चाकाने रबरी दोरी खाचेत दाबत जायचा. जाळी दोरीखाली घट्ट बसायची.

"ही तर कॉलरच्या कडेची पायपिंग झाली की," मास्टर म्हणाले.

"जास्त ताणली तर खांब वाकतो, मास्टर. कमी ताणली तर झोळ पडतो."

"मला सांगतोस?" मास्टर म्हणाले, आणि दोघंही हसले. त्या दिवशी मास्टरांच्या मनातलं सगळं किल्मिष जवळजवळ गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते परत आलं. सूनबाई दाराच्या खांबापाशी मुकादमाशी हळू आवाजात बोलत होती. मास्टर दिसताच ती "चहा टाकते" म्हणून आत गेली. चहा तर आत्ताच झाला होता.

दुपारी ते दोघं जेवायला गेल्यावर मास्टर खांबाजवळ गेले. पेन्सिलीच्या दोन खुणा होत्या. एक साडेचार फुटांवर, तिच्यावर फुली मारलेली. दुसरी तिच्यावर चांगली वीतभर, गोल केलेली. टेपची गरजच नव्हती. मास्टरांची नजर सुतभरही चुकत नसे. खालची खूण खांद्याच्या किंचित वर, म्हणजे रडतखडत डावा हात पोचला असता. वरच्या खुणेला तो जन्मात पोचणार नव्हता.

लायटर, डबा, कात्री, इस्त्री. आणि आता हौद.

कुणाला विचारावं असं त्यांच्या मनात आलंच नाही असं नाही. पण विचारायचं म्हणजे उत्तर ऐकायची तयारी हवी. त्यांनी ओलं फडकं आणलं, दोन्ही खुणा पुसल्या आणि खिशातल्या पेन्सिलीने कमरेच्या जरा वर एक सुबक गोल काढला. हात न उचलता सहज लागेल असा. अंगावर घालणाऱ्याचं माप घ्यायचं, हा तर त्यांचा धंदाच. मग ते खोलीत जाऊन आडवे झाले. झोप काही लागली नाही.

फिटरला खूण जरा खाली वाटली. मुकादम दुसऱ्या कामावर गेला होता. खूण आहे म्हणजे कुणीतरी ठरवलं असणार, म्हणून त्याने कडी तिथे बसवली.

शेवटच्या तपासणीला सगळे मागच्या अंगणात जमले. तपासनीस बाईंनी दार सोडून पाहिलं. स्प्रिंगने ते आपोआप मिटलं. बाहेरच्या बाजूला उघडतं ना, तेही पाहिलं. मग त्या बाहेर येऊन कागदावर लिहू लागल्या. लिहून झालं, वळल्या, तर दार उघडं होतं. भिंगरी एका हाताने ते धरून उभी होती.

"या," ती म्हणाली. "आत या."

तिच्या टाचेमागे दोन पावलांवर पाणी होतं.

मुलाने तिला कधी उचललं ते कुणाला कळलंही नाही. सूनबाई जाळीला धरून उभी राहिली. मास्टरांनी कडीकडे पाहिलं. माप घेताना घालणारे दोघं आहेत, आपण आणि भिंगरी, हे ते साफ विसरले होते.

"कडी कुठे लावलीत ही?" तपासनीस बाई शांतपणे म्हणाल्या. "साडेचार फुटांच्या खाली चालत नाही. नियम मुलांसाठीच तर आहे."

मुकादम फिटरवर वळला. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? मी खूण कुठे केली होती?"

"खूण होती तिथेच लावली. शपथेवर सांगतो."

"खूण काय चालत खाली आली?"

फिटरने एकदाच मास्टरांकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. सुबक गोल कोण काढतं, हे त्याला कळलं होतं. तो सांगणार नव्हता, आणि तेच मास्टरांना सोसेना.

"त्याला बोलू नका," मास्टर म्हणाले. "मी आणली खाली."

"बाबा?" मुलगा म्हणाला.

"वरची खूण माझ्यासाठी होती. मला कोंडायला नाही, बाहेर ठेवायला. आधी इस्त्री, मग हे."

मुलाला काहीच कळेना. त्याने बायकोकडे पाहिलं. सूनबाईने डोळे पुसले आणि सरळ मास्टरांसमोर येऊन उभी राहिली.

"इस्त्री, कात्री, सगळं भिंगरीसाठी वर गेलं. दाराची कडी तेवढी तुमच्यासाठी."

इतकं सरळ उत्तर येईल असं मास्टरांना वाटलं नव्हतं.

"मागच्या महिन्यात हौदाच्या पायरीवर बसलात आणि उठता येईना. अर्धा तास. आठवतं?"

आठवत होतं. त्यांना वाटत होतं, कुणी पाहिलं नाही.

"मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. रोजच पाहते. तेव्हा धावत आले असते तर तुम्ही पुन्हा पाण्यात उतरला नसतात, लाजेने. म्हणून ओटा घट्ट धरून उभी राहिले. पण परवा जाळी लागली आणि सकाळचं ऊन पडलं की ती पांढरीफटक दिसते. आतलं काहीच दिसत नाही, बाबा. मी काय करायचं होतं?"

"मला सांगायचं होतंस."

"तुम्ही मला विचारलंत?"

तपासनीस बाई कागद चाळत राहिल्या. तसं चाळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस," मास्टर म्हणाले. "त्याचीच भीती होती." मग फिटरकडे वळून म्हणाले, "ती म्हणते तिथे लाव बाबा. वर."

फिटरने सूनबाईकडे पाहिलं. तिने मास्टरांच्या खांद्याकडे पाहिलं.

"नियमाइतकीच लावा," ती म्हणाली. "त्याच्या वर नको. पण पाण्यात उतरण्याआधी मला हाक मारायची, बाबा. रोज."

"आणि तू झोपेत असलीस तर?"

"त्या वेळी मी कधी झोपेत असते?"

दोन दिवसांनी दार पास झालं. त्याच्या पुढच्या सकाळी मास्टर निघाले. हाक मारणं जिवावर आलं होतं, तरी मारली. स्वयंपाकघरातून "हं" आलं. त्यांनी डावा हात खांबाला टेकवून बोटाबोटाने वर सरकवला. कळ आली, कडी निघाली.

चौथ्या फेरीला आवाज आला, "बाबा?"

"आहे."

सातव्या फेरीला पुन्हा, "बाबा?"

ही आता रोज असंच करणार, याची मास्टरांना खात्री पटली. आणि फेऱ्याही मोजत असणार, वीसच्या वर एक जाऊ द्यायची नाही.

"आहे गं," ते म्हणाले. "बुडालो तर कळवतो."