लाकडाचा नीलकंठ

सोनाळ्याच्या सकलैन मिस्त्रींनी आयुष्यात किती पक्षी कोरले, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पाळण्यांवर राघू, दारांवर मोर, देव्हाऱ्यांवर हंस. पंचक्रोशीत कुणाच्या लग्नाचा पलंग निघाला की त्याच्या उशाला मिस्त्रींचे दोन पक्षी चोचीत चोच घालून बसलेले असायचेच. लोक वाहवा करत आणि मिस्त्री मान खाली घालून, पण कान टवकारून ती ऐकत. एक गोष्ट मात्र कुणाच्याच लक्षात आली नव्हती, खुद्द मिस्त्रींच्याही नाही. या भल्या माणसानं पन्नास वर्षांत एकही खरा पक्षी धड पाहिला नव्हता. वडिलांनी कागदावर चार नमुने काढून दिले होते, तेच ते गिरवत आले होते.

दसऱ्याला आठ दिवस उरले असताना पुष्पाबाई त्यांच्या दारात आल्या. पुष्पाबाई म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या उत्तमरावांच्या घरच्या. त्यांच्या घरावर काय गुदरलं होतं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. मागच्या वर्षी गुलाबी अळीनं बीटी कपाशीची बोंडं आतून पोखरली. अळी शिवणार नाही म्हणून गावानं जे बियाणं डोळे मिटून घेतलं, त्याच्याच पिकावर गाव पाठीला फवारणीचे पंप बांधून तुटून पडलं. उत्तमराव डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत दोन औषधं एकत्र करून फवारत होते. वारा फिरला आणि सगळा लोट तोंडावर आला. पंधरा दिवसांनी ते दवाखान्यातून घरी आले. जीव वाचला, डोळे गेले.

"मिस्त्रीभाऊ, एक नीलकंठ करून द्या," पुष्पाबाई म्हणाल्या. "दसऱ्याले त्यायच्या हातात द्याचा हाय."

हे उत्तमराव म्हणजे गावाचे नीलकंठवाले. दसऱ्याला नीलकंठ दिसला की वर्ष बरं जातं असं वऱ्हाडात मानतात, आणि तो कुठे दिसेल हे उत्तमरावांइतकं कुणाला कळत नसे. दसऱ्याच्या सकाळी वीस-पंचवीस माणसं मागे घेऊन ते बांधाबांधानं हिंडत आणि पक्षी दाखवल्याशिवाय कुणाला घरी पाठवत नसत. मागच्या दसऱ्याला कुणीतरी दया येऊन त्यांना म्हणालं, तो पाहा, तारेवर बसला आहे. ते खोटं त्यांनी लगेच ओळखलं. तेव्हापासून त्यांनी अंगणातली बाज सोडली नव्हती. शेताचं नावही काढत नव्हते.

"आता तुमीच सांगा, असा माणूस किती दिवस जगन?" पुष्पाबाई म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

मिस्त्रींनी दोन दिवसांत पक्षी तयार केला. शिवणीचं हलकं, पिवळसर लाकूड, डौलदार मान, डोक्यावर तुरा, लांब शेपूट, पिसापिसावर नक्षी. मोठ्या तोऱ्यात ते तो घेऊन गेले. उत्तमरावांनी पक्षी मांडीवर घेतला, बोटं फिरवली आणि किती तरी दिवसांनी ते हसले.

"मिस्त्री, हा राघू हाय का मोर?"

"नीलकंठ हाय, उत्तमराव."

"नीलकंठाले मान कुठं असते? अन् हा तुरा कोनं देल्ला त्याले, तुमी का?" मग हसू विझलं. त्यांनी पक्षी हलकेच बाजूला ठेवला. "जाऊ द्या. तुमी एवढी मेहनत केली. मले आता नाई दिसत, तं नाई दिसत."

मिस्त्रींचा चेहरा खर्रकन उतरला. पन्नास वर्षं लोक त्यांचे पक्षी पाहत आले होते, आणि त्यांचा पक्षी नीट पाहणारा पहिला माणूस आंधळा निघाला. घरी येऊन त्यांनी बायकोला, शाहजादीला, झालेलं सांगितलं. वाटलं होतं, ती तरी आपली बाजू घेईल. तिनं चहाचा कप पुढे केला आणि म्हणाली, "पचास साल से परिंदे बना रहे हो. कभी एक के सामने बैठे?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच मिस्त्री उत्तमरावांच्या शेतात जाऊन बसले. कृषी सहायकाच्या सांगण्यावरून पुष्पाबाईंनी यंदा कपाशीत जागोजागी पक्षीथांबे रोवले होते. थांबा म्हणजे काय, तर बांबूला आडवी काठी बांधलेली. पक्षी त्यावर बसावा आणि अळ्या टिपाव्या, एवढाच त्याचा उपयोग. पहिली सकाळ कोरडी गेली. दुसऱ्या सकाळी चार काळे कोतवाल पक्षी येऊन गेले. मिस्त्रींची पाठ धरली, तरी ते उठले नाहीत.

तिसऱ्या सकाळी तो आला. आला कधी ते कळलंच नाही. थांब्यावर नुसता मातकट गोळा दिसला. मोठं डोकं खांद्यात रुतलेलं, मान नावालाही नाही, जाड चोच, छातीवर फिकट रेघा. दसऱ्याला ज्याला पाहण्यासाठी गाव धावतं तो हाच? मिस्त्रींना त्याची कीव आली. आजारी माणसासारखा अंग चोरून बसलेला तो पक्षी बराच वेळ हललाच नाही.

मग त्याला खाली काहीतरी दिसलं आणि त्यानं पंख उघडले.

मिस्त्री उभेच राहिले. तो निळा रंग एवढा वेळ होता कुठे? गर्द निळा, त्याला लागून आभाळी, पुन्हा गर्द निळा, असे पट्टेच्या पट्टे त्या मळकट अंगातून एकाएकी बाहेर पडले. पक्षी कपाशीत उतरला, पुन्हा वर चढला, ऊन त्या पंखांवर आलं आणि मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यांच्या तोंडून 'सुभानअल्लाह' निघालं. पक्षी थांब्यावर येऊन बसला, पंख मिटले आणि पुन्हा तो मातकट गोळा झाला. इतकी श्रीमंती अंगावर बाळगायची आणि ती अशी झाकून ठेवायची! मिस्त्रींनी त्या दिवशी दुपारपर्यंत त्याला सात वेळा उडताना पाहिलं आणि सातही वेळा ते जागचे उठून उभे राहिले. साठी उलटल्यावर आपल्याला पहिल्यांदाच डोळे फुटले असं त्यांना वाटलं, आणि त्याच क्षणी बाजेवर बसलेला माणूस आठवून त्यांना त्या डोळ्यांची लाज वाटली.

खरी अडचण पुढेच होती. डोकं, चोच, अंग चोरून बसण्याची ढब, हे सगळं लाकडात उतरलं असतं. पण निळा रंग बोटांना कसा दाखवायचा? रंगाचा डबा इथे काय कामाचा?

विचार करकरून डोकं दुखायला लागलं. मिस्त्री डोळे मिटून बांधावर टेकले आणि चाळा म्हणून त्यांनी शेजारच्या झाडाचं फुटलेलं बोंड तोडलं. डोळे मिटलेलेच होते. वाळलेल्या बोंडाचं नखासारखं टोक बोटाला टोचलं, टरफलाची खरबरीत कड लागली, आणि लगेच अंगठा आत कापसात रुतला. मिस्त्रींनी डोळे उघडले नाहीत. बाहेरून आत, आतून बाहेर, असा अंगठा ते कितीतरी वेळ फिरवत राहिले.

नंतरचे तीन दिवस ते जेवायलाही हाक मारल्याशिवाय उठले नाहीत. कुराण ठेवायची रेहल ते एकाच फळीतून कापत. ना खिळा, ना जोड, तरी ती मिटते आणि उघडते. नीलकंठाचे दोन्ही पंख त्यांनी त्याच रीतीनं अंगाच्या लाकडातूनच काढले. पंखांच्या बाहेरच्या बाजूला पटाशीचे घाव तसेच राहू दिले, पॉलिश पेपर लावलाच नाही. आतली बाजू मात्र त्यांनी घासली, पुन्हा घासली, जवसाच्या तेलानं पुसली आणि बोट ठेवलं की आपोआप घसरेल इतकी गुळगुळीत केली. शाहजादीनं हात लावून पाहिला, पंख मिटला आणि पुन्हा उघडून हात लावला. ही मोठी पावती होती.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी पक्षी उत्तमरावांच्या हातात दिला. पुष्पाबाई पुरणाचे हात तसेच घेऊन चुलीपासून उठून आल्या.

उत्तमरावांची बोटं डोक्यावरून फिरली, चोचीवर थांबली, मान शोधू लागली आणि त्यांना ती सापडली नाही.

"हां," ते म्हणाले. "बसला हाय."

बोटं पंखावर आली. "खरबरीत हाय. मातीवानी." अंगठा पंखाच्या कडेत अडकला. पंख किंचित उचलला गेला. उत्तमरावांनी तो सावकाश उघडला आणि तळहात आत टेकवला.

हात तिथेच थांबला. मग त्यांनी दुसरा पंख उघडला, तिथेही तळहात ठेवला आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळायला लागलं.

"निळा हाय, मिस्त्री," ते म्हणाले. "निळाशार हाय."

त्यांनी पंख मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मग एकदम जाग आल्यासारखी त्यांनी मान वळवली. "पुष्पा, इकडं ये. तुनं पाह्यला का?"

"मी कधी पाहू?" पुष्पाबाई म्हणाल्या. "दर दसऱ्याले तुमी सारं गाव घेऊन जात व्हते अन् मी पोळ्या लाटत व्हती. कपाशीत बसलेला दिसला असन कधी. येचतांनी मान वर कोन करते?"

तीस वर्षं उत्तमरावांनी साऱ्या गावाला नीलकंठ दाखवला होता, आणि घरचं माणूस तेवढं राहून गेलं होतं. त्यांनी चाचपडत तिचा हात धरला, पुरणानं भरलेला, आणि आपल्याच धोतराच्या सोग्याला पुसला. बाजेवर सरकून तिला जागा केली.

"डोये मीट," ते म्हणाले. "घाई नोको करू. पयले बसलेला पाह्य. मंग मी उडवतो."

पुष्पाबाईंनी डोळे मिटले.