भाऊजींच्या हातचं तेल

ताईच्या दारात सकाळपासून ही गर्दी! अख्खी गल्ली तिच्या जुन्या व्हॅनभोवती जमली होती, कारण तिचे वारलेले यजमान म्हणे इंजिनात बसून ठोठावत होते.

भाऊजींनी जन्मभर ही व्हॅन चालवली. ते गेल्यावर ताई तिच्यातून मुलं शाळेत सोडू लागली. घर त्यावरच चालत होतं. सकाळी चावी फिरवली की आतून टक-टक-टक.

मौनीबाबा आले. क्षणभर तोंड मिटत नसे, तरी नाव मौनी! बोनेटवर हात ठेवून ते गरजले, "पिस्टनच्या पिंजऱ्यात आत्मा अडकलाय! पण माझ्यापुढे भल्याभल्यांची बोलती बंद होते!" मग लांबलचक मंत्र. इंजिन चालूच. हळूहळू टकटक विरली आणि एकच जयजयकार झाला.

"तेल मात्र बदलू नकोस, माई," बाबा म्हणाले. "त्याच्या हातचं शेवटचं तेल आहे. ते काढलंस की तो कायमचा गेला."

माझं गॅरेज आहे. हे ऐकून माझं डोकंच फिरलं.

"ताई, टॅपेट वाजतोय गं. व्हॉल्व्ह दाबणारा छोटासा भाग, त्यात तेल भरलेलं लागतं. जुन्या इंजिनात ते रात्रीतून खाली उतरतं. सकाळी परत वर चढेपर्यंत तो वाजतो. तेल बदल, नाहीतर इंजिन जाईल."

"तुला काय जातंय सांगायला! मला रोज सकाळी कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटतं."

मी गॅरेजची वाट धरली.

बाबा दर आठवड्याला येऊ लागले. एकदा ते यायच्या आधीच मी सगळ्यांसमोर चावी फिरवली. टकटक सुरू झाली. "कुणी अवाक्षर काढायचं नाही," मी बजावलं. इंजिन तापलं आणि टकटक आपोआप थांबली. मी छाती फुगवून वळलो.

"बाबा वाटेत असतील," शेजारच्या काकू हात जोडून म्हणाल्या. "तिथूनच हात फिरवला बघा!"

मी कपाळावर हात मारून घेतला.

पुढे पुढे टकटक इंजिन तापल्यावरही थांबेना. बाबा फिरकेनासे झाले. तेव्हा कुठे ताईने माझ्या हातात चावी दिली. आतून डांबरासारखा गाळ निघाला. तेलाच्या वाटा बुजल्या होत्या, टॅपेट कोरडेच राहिले होते आणि त्यांना ढकलणारा कॅमशाफ्ट पार झिजला होता. इंजिन कामातून गेलं होतं.

"म्हणजे ते नव्हतेच?" ताईने विचारलं.

"नव्हते, ताई."

"मग इतके दिवस मी कुणाशी बोलत होते रे?"

मला रडू आलं. तिला नाही आलं.

व्हॅन भंगारात गेली. ताई काम शोधत हिंडते आहे. पलीकडच्या गल्लीत बाबा एका टेम्पोच्या बोनेटवर हात ठेवून उभे आहेत आणि काकू पहिल्या रांगेत आहेत. तरीही सांगतो, ऐकणार असाल तर ऐका. गेलेल्या माणसासाठी रडावंसं वाटलं तर पोटभर रडा, पण गाडी वाजली तर आधी तेल बघा. भाऊजी ठोठावत नव्हते. ठोठावत होतं ते इंजिन, आणि ते वाचवता आलं असतं.