चाळीस लिटरची वाफ

केझियाच्या शाळेचा विषय निघाला की कॅनडातल्या ब्रॅम्पटनच्या त्या घरात जेवण थंड व्हायचं. बारावी अर्ध्यात सोडून ती घरी बसली, तेव्हापासून जो येईल त्याच्या खिशात तिच्यासाठी एक सल्ला तयार. तिचे डॅडी, फ्रेडी, तेवढे गप्प. पण मोठ्या बहिणीचं, मिशेलचं लग्न ठरलं त्या दिवशी भर टेबलावर ते म्हणाले, "लग्नाच्या आदल्या दिवशी घरची बिअर. आणि ती केझिया करणार. एकटी."

मिशेलने चमचा खाली ठेवला. "डॅड, सीरियसली? वसईहून माणसं येणार आहेत. हिने आजपर्यंत काय पुरं केलंय?"

"ही करेल," डॅडी म्हणाले आणि भात वाढून घेतला.

केझियाला राग पटकन येतो. आईवर गेलीय म्हणतात. पण त्या दिवशी ती ताट सारून उठली आणि तडक बेसमेंटमध्ये गेली. कोणीतरी सगळ्यांदेखत तिच्या नावावर पैज लावली होती. ती हरली तर डॅडींची मान खाली जाणार, आणि मिशेल ते जन्मभर ऐकवणार.

आजवर बापलेक मिळून गराजमध्ये वीस लिटर बिअर करायचे. सव्वीस लिटर पाण्यापासून सुरुवात. त्यात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, भिजवून गोड रस काढायचा, मग हॉप्स नावाची कडू-सुवासिक फुलं घालून तो तासभर उकळायचा. चार लिटर वाफ होऊन उडतात, दोन लिटर गाळात तळाला राहतात, उरतात वीस. आता लग्नाला हवे होते चाळीस. केझियाने दुप्पट माल्ट, दुप्पट हॉप्स, दुप्पट पाणी, असा झटक्यात हिशोब केला. बावन्न लिटर. पातेलं साठाचं, त्यामुळे बसतही होतं.

लग्नाच्या महिनाभर आधी, शनिवारी सकाळी गराजचं शटर उघडं ठेवून तिने बर्नर पेटवला. डॅडी दारात उभे राहिले.

"काही धरू का?"

"नको. तुम्ही आत जा. एकटी म्हणालात ना?"

"एवढं पाणी लागेल का गं?"

"डॅडी!"

"गेलो, बाय माझी, गेलो."

तासभर पातेलं खदखदलं. गॅस बंद करायच्या आधी तिने लाकडी दांडी आत उभी धरली. दांडीवर लिटरच्या खुणा कोरलेल्या होत्या. रस अठ्ठेचाळीसवर उभा. चव्वेचाळीसवर यायला हवा होता. तिने दांडी पुसून पुन्हा धरली, जशी काही चूक दांडीचीच होती. अठ्ठेचाळीस.

चार लिटर जास्त. म्हणजे रस पातळ, म्हणजे बिअर पाणचट. वसईची माणसं तोंडावर गोड बोलतील आणि ग्लास कुंडीत ओततील. बर्नर बारीक करून तिने सिलिंडरला एक लाथ घातली, आणि पाय चोळत आत गेली.

किचनमध्ये सुझान आते, डॅडींची बहीण, शनिवारच्या पाहुण्यांसाठी मोठ्या टोपात भात घालत होती. तांदूळ धुऊन टोपात सपाट केले, पाणी ओतलं, आणि बोटाचं टोक तांदळाला टेकवून पाणी पहिल्या पेरापर्यंत आलं का बघितलं.

केझिया बघतच राहिली. "आते, रोज आपल्या चौघांच्या भाताला पण एवढंच पेर घेतेस ना?"

"मग?"

"आज तर वीस जणांचा आहे."

"तर काय कोपरापर्यंत हात घालू?" आते हसली. "तांदूळ पितात ते पाणी त्यांच्या मधेच असतं, तांदूळ वाढले की तेही वाढतं. पण वरून उडतं ते तेवढंच. टोप जरा रुंद असेल तर थोडं जास्त घ्यायचं, बस. तुझ्या आजीने पंगतीसुद्धा अशाच उठवल्या."

केझियाने कपाळावर हात मारला. पातेलं तेच, बर्नर तोच, तास तोच. मग वाफ दुप्पट कशी होईल? गाळ दुप्पट होतो, कारण हॉप्स दुप्पट. वाफ नाही! चाळीस, गाळाचे चार, वाफेचे चार. अठ्ठेचाळीसपासून सुरू करायचं होतं. आत्ता पातेल्यात आहेत तेवढेच! अजून एक तास उकळलं की झालं. वासाचे हॉप्स अजून टाकलेच नव्हते, ते शेवटी टाकता येतील. कडवटपणा थोडा वाढेल, पण वसईवाल्यांना तोही चालेल.

ती धावत गराजमध्ये गेली, ज्योत मोठी केली. ज्योत एकदा उंच झाली, निळी झाली, फुसफुसली आणि विझली. गॅस संपला.

आता खरी पंचाईत. जवळचं दुकान गाडीने दहा मिनिटं, आणि गाडीची चावी डॅडींकडे. बरणीचं झाकण घट्ट बसावं तसे दात आवळून ती उभी राहिली. मग दाराशी जाऊन हाक मारली. हळू आवाजात, तिला स्वतःलाही ऐकू येऊ नये अशी.

"डॅडी. मी पाणी चुकीचं घेतलं. आणि गॅस गेला."

डॅडी टीव्हीसमोरून उठले. चुकलीस कशी, विचारलं नाही. सरळ बॅकयार्डात गेले, बार्बेक्यूचा सिलिंडर काढला आणि खांद्यावर घेऊन आले.

"अरे, मॅरिनेट केलेलं चिकन?" आते ओरडली.

"ओव्हनमध्ये घाल!"

मग दोघं दोन स्टुलांवर बसले. पातेलं परत उकळायला लागलं.

"मलापण वाटलं होतं दुप्पटच लागतं," डॅडी म्हणाले. "वीसच्या वर मी कधी केलीच नाही."

"मग मघाशी का विचारलंत, एवढं पाणी लागेल का म्हणून?"

"पातेलं काठाजवळ भरलेलं दिसलं, म्हणून. हिशोब कुठे येतो मला?"

केझिया खो खो हसली. तासाने दांडी धरली. चव्वेचाळीस. वासाचे हॉप्स टाकले, रस थंड केला, एका नळकांड्यात थोडा ओतून त्यात रस किती घट्ट ते दाखवणारा काचेचा तरंगता काटा सोडला. काटा डुलला आणि नेहमीच्या बिअरच्या रेघेवर थांबला. मिशेल मागून येऊन वाकून बघत होती. तिने बोट बुडवून चाटलं.

"गोडच आहे."

"यीस्ट घालून आंबवायचंय अजून, शहाणे."

"मग झाल्यावर मला पहिला ग्लास दे," मिशेल म्हणाली आणि आत गेली. तिच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

डॅडींनी तेवढ्यात विंडसरच्या मित्राला, हेमचंद्र अंकलना फोन लावला होता. "हो रे, चाळीस! माझ्या बायने. नाही, मी काही केलं नाही, मी फक्त सिलिंडर उचलला." मग फोन तिच्याकडे धरला. "त्याला साठ करायचेत. पाणी किती घेऊ, विचारतोय."

केझियाने ओला हात जीन्सला पुसून फोन घेतला.

"अंकल, आधी सांगा, तुमचं पातेलं वरून रुंद किती आहे?"