गिऱ्हाइकांसाठी आणलेला टीव्ही

गिऱ्हाइकाला पाठीमागे बसवून एडिटिंग करणं मला मुळीच आवडत नाही. तो एकदा बसला की त्याला दर मिनिटाला मामा, मावशी आणि वगळलेला चुलत दीर आठवतो. म्हणून आम्रपालीबाई घरचा बत्तीस इंची टीव्ही रिक्षात घालून स्टुडिओत घेऊन आल्या, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"हा कशाला?"

"गिऱ्हाइकांसाठी. त्यांना नीट दिसायला नको?"

विश्रांतवाडीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करण्याचं हे दुकान बाई आणि मी भागीदारीत अकरा वर्षं चालवतोय. टीव्हीवरून वाद घातला नाही, कारण त्या महिन्यात माझीच बाजू लंगडी होती. लोणी काळभोरच्या हिंमतरावांचा फोन येऊन गेला होता. "सिराजभाई, हार घालताना आमचा नवरदेव धुक्यात हाय का?" दुसऱ्या कॅमेऱ्याचा लख्ख शॉट हाताशी असताना मी फोकस गेलेला लावला होता. फाइल बिघडली, असं मी ठोकून दिलं. खरं कारण वेगळं होतं. साखरेनं दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झालेत, चष्म्यानं आता भागायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे कुणाला कळलं असतं, तर एडिटर म्हणून मी संपलो असतो. बाईंनाही सांगितलं नव्हतं.

टीव्ही त्यांनी माझ्या मॉनिटरच्या शेजारी, माझ्यापासून हातभर अंतरावर बसवला. जागेची अक्कल नाही, असं मनात म्हणून मी वायर जोडली. आधी दोन्हीकडे तेच दिसायला लागलं, बटणं आणि पट्ट्यांसकट. बाईंनी डिस्प्ले 'एक्स्टेंड' करून दोन्ही पडदे वेगळे केले, सॉफ्टवेअरच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये दुसऱ्या स्क्रीनसमोर खूण केली, आणि टीव्हीभर फक्त चित्र आलं. मी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की टीव्ही काळा पडायचा. दुसरं काही उघडलं की चित्र बंद करणारी खूणही त्यांनी शोधून काढून टाकली.

त्या आठवड्यात मी झपाट्यानं काम केलं. पोपटराव आणि शालनताईंच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ कापत होतो. बुद्धवंदनेच्या वेळी नवरीच्या पांढऱ्या साडीचा निळा काठ आणि पोपटरावांच्या हनुवटीवर थांबलेलं पाणी मला दिसलं. गेल्या कित्येक महिन्यांत असं काही दिसलं नव्हतं. तोवर मॉनिटरमधल्या काडेपेटीएवढ्या खिडकीत मी नुसता अंदाजानं कापत होतो.

शनिवारी पोपटराव आणि शालनताई व्हिडिओ बघायला आले, सोफ्यावर बसले. शालनताईंनी मान इकडे केली, तिकडे केली.

"दादा, आम्रपालीताई फोनवर म्हणाल्या, आमच्यासाठी मोठा टीव्ही आणलाय. इथून तर नुसतं कपाट दिसतंय."

मी वळून पाहिलं. मधल्या कपाटामुळे सोफ्यावरून टीव्हीचा कोपराही दिसत नव्हता. तो फक्त एकाच खुर्चीवरून दिसत होता, आणि त्या खुर्चीत मी बसलो होतो.

दोघांना माझ्या शेजारी खुर्च्या दिल्या. त्यांनी सगळं पाहिलं, पोपटरावांनी दोनदा डोळे पुसले, एकही मावशी आठवली नाही. ते गेल्यावर मी विचारलं, "बाई, माझ्या डोळ्यांचं तुम्हाला कधी कळलं?"

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं? मग इतके दिवस..."

"तुम्ही घरी गेलात की फोकस तपासून चुकलेले शॉट बदलत होते," त्या कप विसळत म्हणाल्या. "लोणीचं लग्न मी सुट्टीवर असताना गिऱ्हाइकाकडे गेलं. म्हटलं, असं माझ्या भरवशावर किती दिवस चालायचं? तुमचं तुम्हाला दिसलेलं बरं."

दोन वर्षं मी माझ्या सफाईदार कामाबद्दल गिऱ्हाइकांच्या शाबासक्या घेत होतो. लाज वाटली, पण त्याहून जास्त कृतज्ञता वाटली, आणि आभार नेमके कसे मानायचे ते मला येत नाही. मी उठलो, त्यांच्या हातातले कप घेतले आणि विसळायला लागलो.

"डाग राहिलाय," त्या म्हणाल्या.

"मला दिसत नाही. तुम्हीच बघा ना," मी म्हटलं आणि कप त्यांच्यापुढे धरला.