खणातली घरघर

मित्रांनो, ठकीच्या आईच्या शिलाई मशीनला खाली एक खण आहे. त्यात सुट्ट्या बटणांच्या गर्दीत पडलेला मी एक जुना मोबाइल. माझी बॅटरी कधीच संपली. तरी एक आवाज माझ्यात अजून घुमतो. 'क... क... क...' तो आवाज ठकीचा आहे.

नवा होतो तेव्हा माझा थाट काही और होता. ठकीची आई गिऱ्हाइकांची मापं, कापडांचे फोटो, सगळं माझ्यावर सोपवायची. "हा माझा उजवा हात आहे," असं सांगायची आणि मी फुशारून जायचो. पुढे तिने दुसरा मोबाइल घेतला आणि मला ठकीला अभ्यासासाठी दिलं. देताना बजावलं, "यावरून काही भानगड झाली, तर हा खणात जाईल. मग मागायचा नाही." ठकीने मान डोलावली.

एकदा ऑनलाइन तासाला धडा वाचताना ठकी 'क'शी अडली. तिच्याच मैत्रिणीने ते व्हिडिओत टिपून ठेवलं, त्याला गाणं जोडलं आणि मुलांच्या ग्रुपवर टाकलं. झालं, सगळ्यांना ऊत आला. 'खटारा कधी सुरू होणार?' 'शाळेत येऊच नकोस.' रोज नवं काहीतरी यायचं, तो व्हिडिओही कुणीतरी पुन्हा टाकायचं. ठकी मला कानाशी धरून तो व्हिडिओ एकदा ऐकायची, मग सगळं पुसून टाकायची. तिचाच अडखळता आवाज मला तिच्याच कानात ओतावा लागायचा. त्या पापाची मला अजून शरम वाटते.

ठकीचं जेवण कमी झालं. शाळेच्या वेळेला रोज पोट दुखू लागलं. आईने विचारलं, तर "काही नाही." माझ्यात पाहावं, तर तिथेही काही नाही. शेवटी आई वैतागली. "दिवसभर त्या डबड्यात डोकं. आता बास," म्हणाली आणि मला बंद न करताच खणात टाकलं. ठकीचा चेहरा पांढराफटक पडला. आता मेसेज येणार होते आणि ते पुसायला ती नव्हती.

ते येत राहिले. अंधारात माझी काच उजळायची, बटणं थरथरायची. मशीनच्या खडखडाटात माझी घरघर कुणाला ऐकू जाणार? तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्यात जेमतेम धुगधुगी उरली होती. आता मी विझणार आणि ठकी एकटी पडणार, या भीतीने माझा जीव गोळा झाला. तेवढ्यात वर दोरा तुटला आणि मशीन थांबलं. मी जीव खाऊन घरघरलो.

आईने खण उघडला. माझं कुलूप अजून तिच्याच जुन्या आकड्यांचं होतं. ती वाचत गेली. मग तिने व्हिडिओ लावला आणि ठकीचा आवाज खोलीभर झाला. ठकी दारातच उभी होती.

"पुसून टाक ना, आई. मी परत मोबाइल मागणार नाही."

"पुसायचं नाही. हे बाईंना दाखवायचंय." आईने उठून तिला जवळ घेतलं. "तुझं काही चुकलं नाही गं. मीच तुला आधी धाक घालून ठेवला."

तिने मला चार्जिंगला लावलं, सगळ्या मेसेजचे फोटो काढून ठेवले. वर्गशिक्षिकेने पालकांना बोलावलं, ग्रुप बंद झाला. मैत्रीण आईबरोबर येऊन खाली मान घालून माफी मागून गेली. माझं काम संपलं आणि मी परत या खणात आलो. पण तो व्हिडिओ आणखी किती मोबाइलमध्ये उरला असेल, कोण जाणे. मला तो अजून ऐकू येतो.

मित्रांनो, असं काही आलं तर उलट उत्तर देऊ नका, लाजून पुसूही नका. जपून ठेवा आणि घरातल्या मोठ्या माणसाला दाखवा. आणि कुणाची फजिती पुढे पाठवायला बोट उचलाल, तेव्हा ती ऐकणारा कान आठवा.

काल दुपारी ठकी आईजवळ आली. "आई, क... क..." मशीन थांबलं. तिला काय हवंय ते आईला दिसतच होतं, पण तिने शब्द पुरवला नाही. हातातलं कापड खाली ठेवलं आणि ठकीकडे बघत थांबली.

"...कात्री दे."

आईने दिली. खणात मी तोच आवाज ऐकला, आणि कुणी हसलं नाही.